मासे मेले नाहीत, एवढ्यावर थांबू नये

पाणी विषारी आहे का हे पाहायला त्यात ९६ तास मासे ठेवतात; या चाचणीत मासे जगले, म्हणजे पाणी ठीक, असं म्हटलं जातं. हे मला अजिबात पटत नाही. त्या चाचणीत फक्त मेलेले मासे मोजतात. जगलेला मासा नदीत टिकेल का, हे त्यातून कळतच नाही.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या कोहो सॅमन या माशाच्या पिल्लांचं उदाहरण घ्या. एखाद्या माशाची कातडी फाटली की त्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळतं. त्याचा वास आला की बाकीची पिल्लं जागच्या जागी थिजतात, म्हणजे शिकाऱ्याच्या नजरेत येत नाहीत. पाण्यात लिटरमागे जेमतेम ५ मायक्रोग्रॅम तांबं असलं तरी काही तासांत त्यांची वास घेण्याची क्षमता खालावते. मग ती धोका असूनही पोहत राहतात आणि कटथ्रोट ट्राउट हा शिकारी मासा त्यांना सहज टिपतो. शिकारी मासा नसलेल्या, तेवढंच तांबं असलेल्या पाण्यात ठेवली असती तर हीच पिल्लं ‘सुरक्षित’ या रकान्यात गेली असती! यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती तांब्याची वाट: गाड्यांच्या ब्रेक पॅडची झीज रस्त्यावर पडते आणि पावसाबरोबर ओढ्यांत उतरते. वॉशिंग्टनने २०१० मध्ये ब्रेक पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा कायदा केला, त्यामागे सॅमनची काळजी होती. पाण्यात कुजलेल्या पानापाचोळ्यातून येणारं सेंद्रिय द्रव्य जास्त असेल तर तांब्याचा परिणाम सौम्य होतो, हेही खरं. म्हणून प्रयोगशाळेतला आकडा प्रत्येक नदीला जसाच्या तसा लावू नये.