मटार, टोमॅटो, मासे गोठवून खरंच पैसे वाचतात का?

हिशेबी:
डिसेंबर-जानेवारीत मटार स्वस्त झाला की घरोघरी दाणे गोठवले जातात. माझं मत, हे करावंच. शेंगा 40 रुपये किलो धरा. 5 किलोचे 200 रुपये. सोलल्यावर साधारण निम्मे, म्हणजे सव्वादोन किलो दाणे, किलोला 90 रुपयांच्या आत-बाहेर. पावसाळ्यात शेंगा दीडशेला गेल्या तर तोच दाणा किलोला सव्वातीनशेच्या वर पडतो. विजेची भीतीही अनाठायी आहे: 30 अंशांवरचा एक किलो माल उणे 18 पर्यंत न्यायला दहावा भाग युनिटही लागत नाही.

फक्त पद्धत नीट हवी. अर्धा किलो दाण्यांना 4 लिटर तरी खळखळ उकळतं पाणी घ्या. दाणे टाकल्यावर मिनिटभरात पुन्हा उकळी फुटली पाहिजे. तिथून दीड-दोन मिनिटं मोजायची, लगेच तितकाच वेळ बर्फाच्या पाण्यात. चाळणीत निथळून सुती पंच्यावर पूर्ण कोरडे करा, ताटात एकेरी थर पसरून गोठवा आणि मगच पाव-पाव किलोच्या पिशव्यांत हवा काढून भरा.

ताजी_भाजी:
असहमत. तुलनाच चुकीची आहे. ऑगस्टात शेंगा कोण घेतं? लोक गोठवलेल्या दाण्यांचं पाकीट घेतात. ते 160 रुपये किलो धरलं तर सव्वादोन किलोमागे दीडेकशे रुपये वाचले. त्यातून पिशव्या, गॅस आणि सोलण्याचे दोन तास वजा करा.

शिवाय कारखान्यातला दाणा उणे 30-40 अंशांच्या हवेच्या झोतात काही मिनिटांत गोठतो. घरी त्याला तास लागतात. सावकाश गोठलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी फोडतात आणि उसळीत दाणा पिचपिचीत लागतो. वाया जाणं थांबतं म्हणावं, तर तेही नाही. तारीख न घातलेला डबा चार महिन्यांनी कचऱ्यातच जातो, मधल्या काळात फक्त जागा अडवतो.

रानमेवा:
मटाराचा हिशेब ताजी_भाजी यांचा बरोबर वाटतो. पण मटार हे उदाहरणच कच्चं आहे. खरी बचत टोमॅटोत. 2023 च्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या वर गेला होता, आणि दर पडतात तेव्हा शेतकरी तो रस्त्यावर ओततो. टोमॅटोला उकळत्या पाण्याची गरज नाही. धुऊन, पुसून, देठाकडचा भाग काढून अख्खे गोठवा. वापरताना नळाखाली धरला की साल हातात येते. कोशिंबिरीला चालणार नाही, पण आमटी-रश्शाला उत्तम.

खवलेला नारळ डब्यात दाबून ठेवू नका. त्याची वीट होते, मग रोज डबा बाहेर काढायचा, कडेचं खरवडायचं, परत आत. या ये-जा करण्यानेच तो आंबूस होतो. एकेक वाटीच्या पिशव्या पोळीसारख्या चपट्या करून ठेवा. मोडून हवा तेवढा तुकडा घेता येतो. दोन-तीन महिन्यांत संपवा, नंतर खवट वास येतो.

उणे_अठरा:
दोन्ही बाजूंनी मूळ प्रश्न सोडलाय: फ्रीज कोणता? एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा खण बऱ्याचदा उणे 6 ते उणे 12 वरच असतो. उणे 6 ला आठवडाभर, उणे 12 ला महिनाभर, उणे 18 ला तीन महिने आणि पुढे, असा माल टिकण्याचा ढोबळ हिशेब आहे. दारावरचे पाच तारे वीजबचतीचे असतात, थंडाव्याचे नव्हेत. साठ-सत्तर रुपयांना उणे तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर मिळत असेल तर तो आधी घ्या.

दुसरं, एका वेळी भरपूर कोंबू नका. 50 लिटरच्या फ्रीझरमध्ये दिवसाला दोन किलोच्या वर नवा माल नको, नाहीतर आतला जुना माल मऊ पडतो आणि नवाही सावकाश गोठतो. ताजी_भाजी म्हणतात तो पिचपिचीतपणा बराचसा इथून येतो.

आणि अर्धवट उकळणं न उकळण्यापेक्षा वाईट. कमी उष्णतेने दाण्यातले एन्झाइम, म्हणजे रंग-चव बिघडवणारी द्रव्यं, मरत नाहीत, उलट जोर धरतात. मग दाण्याला गवताचा वास येतो. रंग टिकावा म्हणून सोडा घालू नका, दाणा गळतो.

ताजी_भाजी:
म्हणजे ज्यांच्याकडे एका दाराचा फ्रीज आहे त्यांनी हे करूच नये, हाच अर्थ होतो ना? आणि वेगळा डीप फ्रीझर घेतला तर छोटासुद्धा दिवसाला पाऊण-एक युनिट खातो. 10 रुपये युनिट धरलं तरी महिन्याला सव्वादोनशे ते तीनशे. एवढी बचत टोमॅटोतून निघणार का?

हिशेबी:
वेगळ्या फ्रीझरचा मुद्दा मान्य, घरगुती बचतीसाठी तो परवडत नाही. मात्र एका दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या खणातही उरलेली आमटी किंवा भात आठवडाभर सहज राहतो, आणि वाया जाणारं अन्न बहुतेक तेच असतं. भात ताटात पसरून गार करा, शिजल्यापासून तासाभरात आत जाऊ द्या. पातेल्यात कोमट राहिलेल्या भातात जे जिवाणू वाढतात त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. कढी आणि बटाट्याची भाजी मात्र गोठवू नका. कढी फाटते, बटाटा स्पंजासारखा होतो.

खाडीकाठ:
किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी. त्याआधी मासे भरून ठेवतात, तेव्हा दोन गोष्टी. मीठ-हळद चोळून गोठवू नका, मिठाने चरबी लवकर खवट होते. बांगडा-तारली दोन महिन्यांत संपवा, तेलकट मासा टिकत नाही. पापलेट त्याहून बरं. तुकडे कडक झाले की बर्फाच्या पाण्यात बुडवून पुन्हा आत ठेवा, वरच्या बर्फाच्या पापुद्र्याने मासा सुकत नाही.

रानमेवा:
आणि पावसाळ्यात वीज जाते त्याचं काय? गावाकडे दोन-दोन दिवस येत नाही.

उणे_अठरा:
वेगळ्या दाराचा गच्च भरलेला फ्रीझर न उघडता दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. एका दाराच्या फ्रीजमधल्या खणाचे काही तासच धरा. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरा. घराबाहेर जाताना वाटीत बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवून जा. परतल्यावर नाणं वरच असेल तर माल वितळला नाही. बुडालेलं असेल तर मधल्या काळात बर्फाचं पाणी होऊन पुन्हा गोठलंय. तेव्हा मासे, मटण टाकून द्या, वास येत नसला तरी.