ओसिमेन वोल्फ्सबुर्गमध्ये का चालला नाही, आणि लागोसच्या अकादमीच्या वाट्याला काय येतं?

डावा_पाय:
नायजेरियाचा फुटबॉल स्ट्रायकर व्हिक्टर ओसिमेनने २०१५ मध्ये चिलीत १७ वर्षांखालील विश्वचषकात १० गोल मारले, नायजेरिया जिंकलं. २०१७ ला जर्मनीच्या वोल्फ्सबुर्ग क्लबने घेतला, तिथे एकही गोल नाही. मग बेल्जियमच्या शार्लरोआ क्लबकडे लोनवर (उसना) गेला आणि एका मोसमात २० गोल. हे कसं झालं? आणि तो जिथे घडला त्या अल्टिमेट स्ट्रायकर्स अकादमीसारख्या संस्थेला पुढच्या प्रत्येक ट्रान्सफरमधून नियमाने किती मिळतं?

राखीव_बाक:
आधी वोल्फ्सबुर्गचा काळ बघा. जानेवारी २०१७ ते २०१८ चा उन्हाळा, या दीड वर्षात इस्माएल, योंकर, श्मिट, लाब्बादिया असे चार प्रशिक्षक. २०१७ आणि २०१८, दोन्ही वर्षी क्लब प्लेऑफ (खालच्या लीगमध्ये घसरण टाळण्याचे जादा सामने) खेळून बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या वरच्या लीगमध्ये, कसाबसा टिकला. खाली घसरण्याची भीती असलेला प्रशिक्षक १९ वर्षांच्या पोराला सलग सामने देत नाही. दहा-पंधरा मिनिटांसाठी, तेही बरेचदा कडेला खेळवतो. त्यात खांद्याची दुखापत, शस्त्रक्रिया, मग मलेरिया. वजन आणि दम गेलेल्या अवस्थेत तो बेल्जियममध्ये चाचण्या देत होता. झुल्टे वारेगेम आणि ब्रुज या दोघांनीही नकार दिला.

शार्लरोआत प्रशिक्षक फेलिचे माझूने त्याला सरळ नऊ नंबरच्या, म्हणजे मधल्या मुख्य स्ट्रायकरच्या, जागी उभं केलं आणि काढलं नाही. बचावफळीच्या मागे धावणं हे त्याचं मुख्य हत्यार. ते चालायला एकच मिडफिल्डर आठवड्यामागून आठवडा त्याची धाव ओळखून पास देणारा हवा. दहा मिनिटांत ती जोडी जमत नाही.

बेल्जियमच का, तर तिथे युरोपबाहेरच्या खेळाडूंना संख्येची मर्यादा नाही, फक्त किमान पगाराची अट आहे. इटलीत अशा खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात, म्हणून तिथे तयार माल घेतात. फ्रान्सचा लील, मग इटलीचा नापोली, २०२२-२३ ला २६ गोल आणि नापोलीचं १९९० नंतरचं पहिलं लीग विजेतेपद, हा क्रम म्हणूनच बरोबर बसतो. शार्लरोआला जाणं ही पिछेहाट होती असं मी अजिबात मानत नाही.

फॉर्म_नंबर_सात:
पैशांचं सांगतो. फिफाच्या नियमांत अकादमीला पैसे मिळण्याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत, लोक गल्लत करतात.

पहिलं, प्रशिक्षण भरपाई. पहिल्या व्यावसायिक करारावर आणि पुढे २३ वर्षांपर्यंतच्या आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरवर. दर घेणाऱ्या क्लबच्या श्रेणीवर ठरतो: युरोपात पहिली श्रेणी वर्षाला ९०,००० युरो, दुसरी ६०,०००, तिसरी ३०,०००, चौथी १०,०००. पण १२ ते १५ वयाच्या वर्षांना सगळीकडे चौथ्या श्रेणीचाच दर. म्हणजे १४ ते १७ अशी चार वर्षं शिकवलेला मुलगा पहिल्या श्रेणीच्या क्लबने घेतला, तर १०+१०+९०+९० हजार, एकूण २ लाख युरो.

दुसरं, सॉलिडॅरिटी, म्हणजे ट्रान्सफरच्या रकमेतला घडवणाऱ्या क्लबांचा हिस्सा. करार संपायच्या आत पैसे देऊन ट्रान्सफर झाली की रकमेचे ५ टक्के कापून १२ ते २३ वयातल्या क्लबांत वाटतात: १२ ते १५ दरवर्षी ०.२५ टक्के, १६ ते २३ दरवर्षी ०.५. वयाची अट नाही, कारकीर्दभर चालतं. २०२५ ला तुर्कस्तानच्या गालातासारायने ओसिमेनचे ७.५ कोटी युरो दिले. त्यावर लीलचा एका मोसमाचा हिस्सा ३ लाख ७५ हजार. वरच्या उदाहरणातल्या चार वर्षांना १.५ टक्के, म्हणजे सव्वाअकरा लाख. हप्त्याने पैसे आले तर हिस्साही हप्त्याने. करार संपल्यावर फुकट गेला तर शून्य.

डावा_पाय:
मग छोट्या अकादम्या एवढ्या कंगाल का?

फॉर्म_नंबर_सात:
कारण बहुतेकींकडे कागद नसतात. अकादमी राष्ट्रीय संघटनेशी संलग्न नसेल आणि मुलाची नोंद तिच्या नावावर नसेल तर दावा उभाच राहत नाही. मैदानात घाम गाळलाय, याला फिफाच्या लेखी किंमत नाही. नोव्हेंबर २०२२ पासून हे पैसे वाटणारं फिफा क्लिअरिंग हाऊस आहे: ट्रान्सफर झाली की खेळाडूचा इलेक्ट्रॉनिक पासपोर्ट, म्हणजे तो कधी कुठल्या क्लबकडे होता याची यादी, आपोआप निघतो. पण तो संघटनेच्या संगणकातल्या नोंदीवरच. मधला एक मोसम भरलेला नसेल तर तेवढे पैसे गेले. तपासणीच्या मुदतीत संघटनेमार्फत पुरावा द्यावा लागतो, शिवाय क्लबच्या मालकीची आणि बँक खात्याची पडताळणी होते. खातं अध्यक्षाच्या वैयक्तिक नावावर असेल तर तिथेच अडकतं.

आणि जन्मतारीख. १८ च्या आत परदेशी क्लबकडे नोंदणी बंद, आफ्रिकेतल्या मुलांना त्यातल्या सवलती क्वचितच लागू होतात. ओसिमेनचा जन्म २९ डिसेंबर १९९८ चा. वोल्फ्सबुर्गचा करार जानेवारी २०१७ चा, हा योगायोग नाही. प्रवासाच्या पासपोर्टवर एक तारीख आणि संघटनेच्या नोंदीत दुसरी असली की मुलगाही लटकतो, अकादमीही. म्हणून १२ व्या वर्षी पहिली नोंद करतानाच जन्मदाखल्यावरून तारीख भरावी, आणि दर मोसमाच्या नोंदीची शिक्का मारलेली प्रत अकादमीने स्वतःकडे ठेवावी.