बोनेट उघडलं की बाबा बोलायला लागायचे... तुमच्याकडचे किस्से टाका

टाकाळ्याचा उतार
काल बाबांना घेऊन इलेक्ट्रिक गाडीची टेस्ट राइड घ्यायला गेलतो. वय ७८, लायसन संपून चार वर्षं झाली, तरी म्हटलं मागच्या मोकळ्या आवारात जरा बसू दे स्टेअरिंगवर. बसले, पट्टा लावला आणि डावा हात आपोआप स्टेअरिंगच्या बाजूला गेला, गियरची दांडी शोधत. आमची प्रीमियर पद्मिनी, स्टेअरिंगलाच गियर असलेली, विकून वीस वर्षं झाली हो! सेल्समन पोरगा पंचविशीचा, त्याला कळेना आजोबा काय चाचपडतायत. मग उतरून म्हणाले बोनेट उघड. उघडलं तर आत सगळं काळं प्लास्टिकचं झाकण. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यात हात कुठं घालायचा?"

रात्री झोप लागली नाही म्हणून हे लिहितोय. बाबा शिरोलीला फौंड्रीत पॅटर्नमेकर. घरात बोलणं म्हणजे पाणी दे, लाइट बंद कर, एवढंच. १९९१ ला जुनी पद्मिनी घेतली, बॅटरीचा भरवसा नाही म्हणून कायम टाकाळ्याच्या उताराला लावायची, सकाळी चोक ओढायचा, सेकंडमध्ये टाकून क्लच सोडायचा. पण रविवारी बोनेट उघडलं की हा माणूस वेगळाच. चारी प्लग काढून माझ्या हातात, मी पॉलिश पेपरनं घासायचो आणि ते एकेक सांगायचे. वायरी परत लावताना मला विचारायचे, क्रम? एक-तीन-चार-दोन! शाळेत तेराचा पाढा आला नाही कधी पण फायरिंग ऑर्डर, म्हणजे कुठल्या सिलेंडरचा प्लग कुणानंतर पेटतो तो क्रम, पाठ. सातवीत नापास झालो तो निकालसुद्धा मी त्यांना बोनेटखाली डोकं असतानाच सांगितला. तोंड दिसत नव्हतं दोघांचं, बरं पडलं. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले चौदाचा पाना दे.

तुमच्यापण असतील अशा आठवणी. बाप, लेक, गाडी. कुठलीपण चालेल.

गंगावेस कट्टा
"चौदाचा पाना दे" भावा काटा आला अंगावर. ऑफिसात बसून वाचतोय, नंतर लिहितो

कळे ते कोल्हापूर
आमचा बाप वडापवाला, म्हणजे खच्चून माणसं भरून फेऱ्या मारणारा जीपवाला. गाडी ट्रॅक्स. गंगावेस ते कळे दिवसाला पाच फेऱ्या, सुट्टी पडली की मी गाडीतच. ज्यांनी वडापनं प्रवास केलाय त्यांना सांगायला नको, ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलापण एक माणूस असायचा आणि तो अर्धा बाहेर. माझी जागा डाव्या बाजूला, गियर माझ्या दोन पायांच्या मधी. बाप दोन्ही बाजूनं चेपलेला, हात हलवायला जागा न्हाई, मग क्लच दाबला की नुसती मान हलवायचा आणि गियर मी टाकायचो. आवाजावरनं कळायचं कधी थर्ड कधी फोर्थ. नऊ वर्षाचा होतो. आता विचार केला तर अंगावर शहारा येतो, मागं अठरा माणसं आणि गियर टाकतंय चौथीतलं पोरगं. पण त्या वेळी वाटायचं गाडी आपण दोघं मिळून चालवतोय, आणि खरंच चालवत होतो की. आईला ह्यातलं काहीही माहीत न्हाई, ती इथं न्हाई म्हणून लिवलं.

शाहूपुरी तिसरी गल्ली
अठराच? आमच्या वेळी बावीस बसवायचे

कळे ते कोल्हापूर
टपावरचे धरले न्हाईत मी

मिस्त्रीची पोरगी
लेक म्हणजे फक्त मुलगाच का हो उतारवाले? आमचं उद्यमनगरात गॅरेज, तिघी बहिणी. पप्पांचा हात कार्बोरेटरच्या मागं जायचा नाही, माझा जायचा, म्हणून शाळेतून आल्यावर दप्तर टाकून तिकडं. गिऱ्हाईक म्हणायचं मिस्त्री पोरीला कशाला काळं करताय. पप्पा म्हणायचे तिला कळतंय तेवढं तुम्हाला कळत असतं तर गाडी इथं आली नसती. आज मी बँकेत आहे, पण चुकीच्या आयडलिंगवर कुणी गाडी उभी केली की काउंटरवर बसून त्रास होतो मला. कुकर लावलाय, बाकी नंतर.

टाकाळ्याचा उतार
चुकलं ताई. मुली पण, सगळेच या.

जुना राजवाडा
आमच्याकडं गाडी नव्हतीच. सायकल. पण आबांना गाड्यांचा नाद असा की दरवर्षी दसऱ्याला मला खांद्यावर घेऊन दसरा चौकात, छत्रपतींची मेबॅक मोटार बघायला. सगळं कोल्हापूर छत्रपतींना बघायला आणि सोनं लुटायला येतंय, आणि आमचे आबा त्या गाडीच्या चाकांकडं नजर लावून. घरी चालत येताना सांगायचे, ही जर्मन कंपनी, आधी हवेत उडणाऱ्या झेपेलिनची इंजिनं करायची, मग मोटारी केल्या. मला वाटायचं आबा थापा मारतायत. कॉलेजला गेल्यावर वाचलं, खरं निघालं. गिरणीतला माणूस, चौथी शिकलेला, त्यांना हे कुणी सांगितलं असेल? विचारायचं राहिलं. अजून दसऱ्याला जातो मी, पोराला घेऊन. सोनं लुटायला पळायच्या आधी तो पण चाकं बघतो.

गंगावेस कट्टा
आलो परत. आमची ८०० होती. आंबा घाटात गरम झाली की तात्या बोनेट उघडून इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे आणि आम्ही कठड्यावर बसून शेंगा खायचो. चारही सिलेंडर थंड झाल्याशिवाय उठायचं नाही म्हणायचे.

मिस्त्रीची पोरगी
८०० ला तीनच सिलेंडर असतात. ७९६ सीसी. ओल्या फडक्याचा किस्सा पद्मिनीचा जास्त ऐकलाय.

गंगावेस कट्टा
बरोबर, तीन. तात्यांनी चार सांगितलं होतं आणि मी ३० वर्षं तसंच धरून बसलोय. आता त्यांना कुठल्या तोंडानं सांगू

कळे ते कोल्हापूर
नको सांगूस. राहू दे चार

पुण्यात अडकलेला
२०१९ चा पूर. मी पुण्यात, आईबाबा नागाळा पार्कात. हायवे शिरोलीत पाण्याखाली, येऊ शकत नव्हतो. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ च्या पुढं गेलेलं, टीव्हीवर आकडे बघत बसायचो. बाबांचं आणि माझं लग्नावरून वाजलेलं, दीड वर्ष बोलणं बंद, निरोप सगळे आईमार्फत. त्या रात्री फोन आला, थेट बाबांचा. हॅलो नाही, कसा आहेस नाही. "गाडीत सीटपर्यंत पाणी आहे, आता काय करू?" मी म्हटलं चावी अजिबात फिरवू नका, इंजिनात पाणी गेलं असेल आणि सेल्फ मारला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी उतरलं की आधी बॅटरीची वायर काढा. म्हणाले, हे मीच तुला शिकवलंय. म्हटलं हो. मग अर्धा तास बोललो. नुसतं गाडीवर. पाणी उतरल्यावर तेल काढलं तर दुधाच्या चहासारखं फेसाळलेलं, दोनदा बदललं, प्लग काढून इंजिन कोरडं केलं. चालू झाली. अजून आहे. बायकोला घेऊन गेलो तेव्हा स्टेशनवर तीच गाडी घेऊन आलेले.

शाहूपुरी तिसरी गल्ली
आमची कुंभार गल्लीत गेली वाहून म्हणजे वाहून नाही पण कामातून गेली. त्या आठवड्यात दूध कुठून आणायचं हाच प्रश्न होता. गाडीचं कुणाला पडलंय

स्टेअरिंगला हात लावू नको
सगळे बाप असे नसतात. आमच्यानी मला गाडीला हात लावू दिला नाही, काच पुसायची तर ओलं फडकं कुठलं आणि कोरडं कुठलं ह्यावर पाऊण तास. मी ड्रायव्हिंग मित्राच्या बापाकडनं शिकलो. आमच्या बापाचं त्या गाडीवर माझ्यापेक्षा जास्त प्रेम होतं हे मी वयाच्या बाराव्या वर्षी मान्य केलं. गंमत अशी की परवा माझ्या पोरानं नव्या गाडीचं दार जोरात लावलं आणि माझ्या तोंडून जे वाक्य आलं ते शब्दाला शब्द त्यांचं.

जुना राजवाडा
कुठलं वाक्य

स्टेअरिंगला हात लावू नको
इथं लिहिण्यासारखं नाही

चोक ओढा
विषय सोडून विचारतो, माफी. वडिलांची पद्मिनी गोठ्यात आठ वर्षं उभी आहे, ते गेल्यापासून. ह्या दिवाळीत चालू करायची आहे. चोकची केबल तुटलीय असं वाटतंय, कुठं मिळेल? सोमवारी उद्यमनगर उघडं असतं का?

मिस्त्रीची पोरगी
सोमवारी नको, मंगळवारी जा. आणि आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढा.

शाहूपुरी तिसरी गल्ली
त्या बाजूला जाताय तर मिसळ खाऊन या, कट जास्त मागा

टाकाळ्याचा उतार
@चोक ओढा, बाबांना आत्ता सगळा धागा वाचून दाखवला. ८०० ला चार सिलेंडर ऐकून उठूनच बसले. आणि तुमच्यासाठी निरोप दिलाय, जसाच्या तसा लिहितो : "त्या पोराला सांग सेल्फ मारायच्या आधी प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर तेल सोड आणि पंख्याचा पट्टा धरून इंजिन हातानं फिरवून बघ. अडकलं तर जोर करू नको. गाव कुठलं त्याचं? जवळ असेल तर रविवारी मला घेऊन चल."

चोक ओढा
भुये. तुमच्याकडनं अर्ध्या तासावर. रविवारी कधी येताय?