पाडवा नेमका कुठला?

नवी बडोदेकरीण:
लग्न होऊन बडोद्यात आले. दिवाळीत शेजारच्या काकू म्हणाल्या, "परवा धोको आहे, पाडव्याला या." गुढी तर चैत्रात उभारतो, मग हा पाडवा नववर्षाचा कसा? आणि हा धोको काय?

दांडिया बाजारकर:
ताई, पाडव्याचा मूळ अर्थ नववर्ष नाहीच. प्रतिपदा, प्राकृतात पाडिवआ, त्याचा पाडवा. म्हणजे पक्षाची पहिली तिथी. चैत्रातला तो गुढीपाडवा, कार्तिकातला तो बलिप्रतिपदेचा. कार्तिकातल्या पाडव्याला आपल्याला ओवाळणी आठवते, गुजरात्यांना "बेसतुं वरस", म्हणजे नवीन वर्ष. त्यांचं वर्ष बसतं, आपलं लागतं! महिन्याचा पहिला दिवसही त्यांच्याकडे "बेसतो महिनो".

धोको म्हणजे दिवाळी आणि नवीन वर्ष यांच्यामध्ये तिथीच्या हिशेबाने पडलेला मोकळा दिवस. २०२४ मध्ये दिवाळी ३१ ऑक्टोबरला, बेसतुं वरस २ नोव्हेंबरला. १ तारीख धोक्याची. दरवर्षी पडतोच असं नाही.

खरा घोळ आकड्यात आहे. त्या २ नोव्हेंबरला इथे विक्रम संवत २०८१ लागलं. इंदूर-उज्जैनकडे तेच २०८१ आधीच, ९ एप्रिलला लागलेलं. त्यामुळे चैत्र ते आश्विन दोन्हीकडचे आकडे एकाने वेगळे, कार्तिक ते फाल्गुन सारखे. जुन्या गुजराती दस्तावरची मिती इसवी सनात आणताना सरसकट ५७ वजा केलेत तर फसाल. इंदूरच्या माझ्या मामांशी यावरून दर वर्षी वाद होतो, आणि दोघेही बरोबर असतो.

इंदूरकर:
भाचेबुवा, पाडवा आमचाच खरा! पण वर्ष कुठून मोजायचं, हे आकाशापेक्षा चोपड्यांनी जास्त ठरवलं. व्यापाऱ्याचं दिवाळीत, सरकारचं १ एप्रिलला. ज्यू परंपरेत तर चार नववर्षं सांगितली आहेत, त्यांतलं एक झाडांचं. आणि त्यांचं मुख्य नववर्ष, रोश हशाना, येतं सातव्या महिन्यात. इंग्लंडात कायद्याचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. ते १ जानेवारीवर आणताना १७५१ साल २५ मार्च ते ३१ डिसेंबर एवढंच भरलं. तिथल्या भाडेकरूंचे हिशेब काय झाले असतील!

नवी बडोदेकरीण:
मग कुणी "साल मुबारक" म्हटलं तर?

दांडिया बाजारकर:
तुम्हीही "साल मुबारक" म्हणा. आणि आमंत्रण देताना "दिवाळीचा पाडवा" असं पूर्ण म्हणा, म्हणजे कुणी चैत्रात दारात उभं राहणार नाही.