मदत हवी आहे: चिंचिला आणि बिअर्डेड ड्रॅगन एकाच खोलीत, दिव्यांचं काय करावं?

निशिगंध

राहायला टोरोंटोत. १० बाय १२ फुटांच्या खोलीत एका भिंतीला चिंचिलाचा (दाट फरचा, कुरतडणारा, रात्री जागणारा छोटा प्राणी) उभा पिंजरा. समोरच्या भिंतीला, साधारण सात फुटांवर, बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याची ४ बाय २ बाय २ फुटांची काचपेटी, वर जाळीचं झाकण. तिच्या शेजारी लेपर्ड गेकोची (पालीसारखा सरडा) पेटी, खाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई).

ड्रॅगनला १०० वॉटचा हॅलोजन दिवा (साध्या ऑन-ऑफ थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरलेल्या तापमानाला दिवा बंद-चालू करणाऱ्या यंत्रावर) आणि टी५ यूव्हीबी नळी (अतिनील किरण देणारी ट्यूब), सकाळी ७ ते रात्री १०. रात्री ७५ वॉटचा लाल बल्ब. खोलीचं तापमान दुपारी २५-२६, रात्री २३ अंश. आर्द्रता ४५ टक्के.

चिंचिला करडी मादी, वय तीन वर्षं, वजन ५८० ग्रॅम आणि स्थिर. गवत खाते, लेंड्या नेहमीसारख्या. पण संध्याकाळी घरट्यातून बाहेर येत नाही, मध्यरात्रीनंतर थोडा वेळ दिसते. कमरेजवळची फर कुरतडलेली आहे. यूव्हीबीचा त्रास होत असेल का? लाल बल्ब चालतो असं दुकानात सांगितलं होतं, ते बरोबर आहे का? वेगळी जागा म्हणजे फक्त बेसमेंट. जाणकारांनी कृपया सांगावं.

काचपेटी

यूव्हीबीची काळजी सर्वांत शेवटी करा. नळीखाली फूटभर अंतरावर जी तीव्रता असते तिचा सात फुटांवर मागमूसही राहत नाही. शिवाय साधी काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते आणि नळीचा रिफ्लेक्टर प्रकाश खाली पेटीतच टाकतो. चिंचिलांना मुद्दाम यूव्हीबी दिल्यावर रक्तातलं ड जीवनसत्त्व वाढतं असं २०१४च्या एका अभ्यासात दिसलं होतं, म्हणजे तो प्रकाश त्यांना विषारी नाही. पण चांगल्या पेलेटमध्ये (तयार खाद्यगोळ्यांत) ड३ असतंच, त्यामुळे तो मुद्दाम देण्याचीही गरज नाही.

खरा त्रास तीन गोष्टींचा दिसतो: पंधरा तासांचा दिवस, रात्रीचा लाल उजेड आणि २६ अंश.

लाल बल्ब आजच काढा. कुरतडणाऱ्या प्राण्यांना गडद लाल फार कमी दिसतो हे खरं. पण हे बल्ब म्हणजे रंगवलेल्या काचेतली साधी तार, त्यातून केशरी-पिवळा उजेडही गळतो. चिंचिलाला काळोख हवा असतो, तो मिळतच नाही. आणि ड्रॅगनला तर लाल रंग स्वच्छ दिसतो, त्याचीही झोप मोडते. निरोगी प्रौढ ड्रॅगनला रात्री १८ अंशांपर्यंत काहीही लागत नाही. तुमची खोली त्याखाली जात नाही, मग तो बल्ब कशासाठी? उद्या कधी गरज पडलीच तर सिरॅमिक हीटर लावा, त्याला उजेड नसतो. तो पोर्सेलिनच्या होल्डरमध्ये आणि थर्मोस्टॅटवरच हवा. प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो.

अँडीज_प्रेमी

वरच्याशी सहमत, पण मी उष्णता पहिल्या क्रमांकावर ठेवेन. चिलीच्या थंड, कोरड्या डोंगरउतारांवरचा हा प्राणी. एकेका मुळातून पन्नास-साठ केस निघतात आणि घाम येत नाही. १६ ते २० अंश उत्तम, २२ पर्यंत ठीक, २५च्या पुढे धोका सुरू होतो. हॅलोजन, नळी आणि मॅट मिळून दीडशेच्या आसपास वॉट दिवसभर बंद खोलीत सुटतात, हा लहानसा हीटरच झाला. थर्मामीटर भिंतीवर न टांगता पिंजऱ्याच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवा. गरम हवा वर साठते आणि चिंचिलाही वरच बसते. तिथे भिंतीवरच्यापेक्षा दोन-तीन अंश जास्त निघाले तर नवल नाही.

कान लालभडक, आडवी पडून जोरजोरात श्वास, तोंडाला लाळ असं दिसलं तर लगेच थंड खोलीत न्या, खाली गार फरशी द्या, कानांना ओला कपडा लावा आणि डॉक्टरांना फोन करा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, धक्क्याने जीव जाऊ शकतो.

फर कुरतडण्यामागे दिव्याखेरीज दातदुखी, त्वचेवरची बुरशी, एकटेपणा अशी कारणंही असतात. विदेशी पाळीव प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडून मागच्या दाढा तपासून घ्याच. नुसते दिवे बदलून वाट बघत बसू नका, तोवर दाढांचं दुखणं वाढलेलं असतं.

काचपेटी

एक मुद्दा राहिला, माझ्या मते महत्त्वाचा. हॅलोजन ऑन-ऑफ थर्मोस्टॅटवर आहे, म्हणजे दर काही मिनिटांनी १०० वॉटचा दिवा फटकन विझतो आणि फटकन लागतो. झोपलेल्या चिंचिलासमोर दिवसभर हे चालू असेल तर ती दचकत राहणार. डिमिंग थर्मोस्टॅट घ्या, तो उजेड हळूहळू कमी-जास्त करतो. ऑन-ऑफचा सुटा झालेला थर्मोस्टॅट गेकोच्या मॅटला लावा: प्रोब (तापमान मोजणारं टोक) मॅटच्या वर, पृष्ठभागाला टेकलेला, ३२ अंशांवर.

मांडणीही बदला. पिंजरा आणि पेट्या समोरासमोर नकोत. दोन्ही एकाच भिंतीला लावा आणि मध्ये ६ मिलिमीटर प्लायवूडचा उभा पडदा, पिंजऱ्यापासून फूटभर लांब, म्हणजे तिचे दात पोचणार नाहीत. ड्रॅगनच्या पेटीची मागची बाजू आणि दोन्ही कडा बाहेरून एक इंच जाडीच्या फोमने झाका. उजेड अडतो आणि आतली ऊब आत राहते, म्हणून खोली १९-२० अंशांवर ठेवता येते. बास्किंगच्या (दिव्याखाली ऊब घेण्याच्या) दगडावर ४०-४२ आणि थंड बाजूला २४च्या आसपास मिळायला हवं. जाळीवर किंवा दिव्याच्या घुमटावर कापड, फोम काहीही ठेवू नका. आग तिथूनच लागते. पिंजऱ्यावर चादर टाकणंही नको, चिंचिला ती आत ओढून खाते.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. लाल बल्ब काढला. वेळापत्रक कसं ठेवू? जूनमध्ये इथे नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. आणि ती बाहेर खेळते तेव्हा काहीतरी दिवा लागणारच.

अँडीज_प्रेमी

दोन्ही प्राण्यांना एकच टायमर: सकाळी ७ ते संध्याकाळी ७. ड्रॅगनला बारा तास पुरतात. नळी आणि हॅलोजन एकदम विझवू नका. हॅलोजन साडेसहाला, नळी सातला, म्हणजे संधिप्रकाशासारखं काहीतरी होतं आणि चिंचिला त्याच वेळेला जागी होते. खिडकीला काळ्या अस्तराचा पडदा, तोही सातलाच ओढायचा. मार्च-नोव्हेंबरमध्ये घड्याळं तासाने पुढे-मागे होतात तेव्हा टायमर रोज पंधरा मिनिटांनी सरकवा.

खेळताना ४-५ वॉटचा पिवळसर एलईडी भिंतीकडे तोंड करून ठेवा. निळसर पांढरा नको. दहानंतर तोही बंद. मग दहा मिनिटं अंधारात बसून बघा: वर्तमानपत्राचा मथळा वाचता आला तर उजेड कुठून तरी येतोय. बहुतेक वेळा राउटर, एसी किंवा पॉवर स्ट्रिपचे दिवे असतात, त्यांना काळी टेप. फोनमधल्या लक्स (उजेडाचं माप) ॲपवर अंधारासाठी भरवसा ठेवू नका, दिवसा मात्र ते कामाला येतं. पिंजऱ्यातल्या फळीवर १०० ते २०० लक्स भरपूर झाले आणि घरटं आतून काळोखं हवं. पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या चिंचिलाला याहून कमी.

नळीचा बॅलास्टही (तिला वीज पुरवणारा डबा) पिंजऱ्याजवळ नको. चिंचिलाचे कान ३० किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंत ऐकतात, आपल्याला न ऐकू येणारी शिट्टी तिला ऐकू येऊ शकते.

गवताची_काडी

दिव्यांशी जोडूनच: धूळस्नान (चिंचिला बारीक धुळीत लोळून फर साफ करते ते) या खोलीत नको. ती बारीक धूळ यूव्हीबी नळीवर बसते, ड्रॅगनला मिळणारा यूव्हीबी घटतो आणि सरड्यांच्या श्वासातही जाते. आठवड्यातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटं, दुसऱ्या खोलीत द्या. नळी पूर्ण थंड झाल्यावर दर पंधरा दिवसांनी कोरड्या कपड्याने पुसा. रोजची साफसफाई आधी चिंचिलाची, मग सरड्यांची. ब्रश आणि भांडी वेगवेगळी. सरड्यांमधला साल्मोनेला चिंचिलाला फार महागात पडतो.

बेसमेंटचा विचार जरूर करा, पण चिंचिलासाठी. सरडे वरच राहू देत. उन्हाळ्यात तिथे आपोआप गार असतं. अडचण आर्द्रतेची: ५० टक्क्यांवर गेली की फर दमट राहते आणि बुरशी धरते. डिह्युमिडिफायर (हवेतली आर्द्रता कमी करणारं यंत्र) लागेल आणि तो स्वतः गरम हवा सोडतो, तेव्हा तो पिंजऱ्यापासून लांबच्या कोपऱ्यात ठेवा आणि आधी तीन-चार दिवस रिकाम्या खोलीत चालवून तापमान कुठे थांबतं ते बघा. २१च्या आत राहिलं तर ती जागा तिच्यासाठी आताच्या खोलीपेक्षा नक्कीच चांगली.