रिझर्व्ह बँकेच्या बुलेटिनमधील लेख हे बँकेचे मत मानावे का?

अर्थवाचक (प्रश्न)
मी पदवीच्या वर्गाला अर्थशास्त्र शिकवतो. विद्यार्थी निबंधात सर्रास ‘रिझर्व्ह बँकेच्या मते’ असे लिहितात आणि खाली मासिक बुलेटिनमधील लेखाचा हवाला देतात. वर्तमानपत्रांचे मथळेही याच थाटाचे असतात. मात्र त्याच लेखाच्या तळटीपेत ही मते लेखकांची असून बँकेची नव्हेत, असे छापलेले असते. लेखक बँकेच्याच आर्थिक व धोरण संशोधन विभागातले, छापणारी बँक, तरीही मत बँकेचे नाही. या टीपेला खरोखर काही अर्थ आहे, की हे नुसते हात झटकणे आहे?

फोर्टकर
अर्थ आहे. ऑगस्ट २०२२ च्या बुलेटिनमध्ये सरकारी बँकांच्या खासगीकरणावर एक लेख आला होता. सरसकट खासगीकरणाने लाभापेक्षा हानी अधिक होऊ शकते, असा त्याचा सूर होता. ‘रिझर्व्ह बँकेचा खासगीकरणाला विरोध’ अशा आशयाच्या बातम्या झळकल्या आणि ही मते लेखकांची आहेत, असा खुलासा बँकेला प्रसिद्धिपत्रक काढून करावा लागला. याउलट वार्षिक अहवाल हा केंद्रीय संचालक मंडळाचा असतो व कायद्यानुसार केंद्र सरकारला सादर होतो, तर बँकिंगचा कल आणि प्रगती यांवरील अहवाल बँकिंग नियमन कायद्याखाली निघतो. हे दोन्ही बेलाशक बँकेच्या नावावर घालावेत.

मुठाकाठ
फोर्टकरांशी सहमत आहे, पण संस्थेच्या आतून आलेल्या लेखाला बाहेरच्या अभ्यासकाच्या लेखापेक्षा वेगळे वजन येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. शिवाय संशोधन धोरणापर्यंत पोहोचल्याचे ठळक उदाहरण आपल्याकडे आहे. १९५१-५२ मध्ये बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी करवली. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावे त्यासाठी निवडली होती. गोरवालांच्या अध्यक्षतेखालील मार्गदर्शक समितीत पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळही होते. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के आणि सावकारांचा दोन तृतीयांशाहून अधिक, असे त्या पाहणीतून उघड झाले. समितीच्या शिफारशीनंतर १९५५ मध्ये इम्पिरियल बँकेची स्टेट बँक झाली. मात्र ती पाहणी बँकेनेच योजलेली होती. एखाद्या अधिकाऱ्याच्या लेखाला ती पायरी आपोआप मिळत नाही.

अर्थवाचक
आभारी आहे. मग कुटुंबांच्या महागाईविषयक अपेक्षांच्या सर्वेक्षणाचे काय? त्याचे आकडेही ‘बँकेचा अंदाज’ म्हणून उद्धृत होतात.

फोर्टकर
तो घोटाळा तर अधिक सार्वत्रिक आहे. त्या सर्वेक्षणात शहरांतील कुटुंबांना सध्याची महागाई किती वाटते आणि तीन महिन्यांनी व वर्षभराने ती किती असेल, असे विचारले जाते. लोकांना जाणवणारा दर ग्राहक किंमत निर्देशांकावरील दरापेक्षा साधारणतः बराच चढा निघतो, कारण भाजी आणि दूध रोज विकत घेतले जाते. हे प्रतिसादकांचे मत आहे, असे बँक तेथेही नमूद करते. बँकेचा स्वतःचा अंदाज हवा असल्यास पतधोरणाचे निवेदन उघडावे. विद्यार्थ्यांना लेखकांची नावे देऊन पुढे ‘रिझर्व्ह बँक बुलेटिन’, महिना व वर्ष लिहिण्याची सक्ती करा, आणि सर्वेक्षणाच्या आकड्यापुढे ‘कुटुंबांच्या अपेक्षेनुसार’ हे शब्द आलेच पाहिजेत, असे सांगा.