पैसा आहे, तो पाड्यापर्यंत यायला हवा

‘सातपुड्यात मोबाइल टॉवर परवडत नाही, पैसा कुठून आणायचा?’ असं विचारलं जातं. पैसा आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे (ठरावीक वजावटी करून उरणाऱ्या महसुलाचे) ५ टक्के खास दुर्गम भागात फोन-इंटरनेट पोचवायच्या कामासाठी घेतले जातात. हा निधी २००२ पासून आहे, २०२३ च्या कायद्याने त्याचं नाव ‘डिजिटल भारत निधी’ झालं. म्हणजे शहादा-जळगावात आपण रिचार्ज करतो, त्यातलाच वाटा.

अडतं पुढे. भारतनेटची, म्हणजे गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या सरकारी योजनेची, फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येते. पण धडगाव-अक्कलकुव्याकडे एका पंचायतीचे पाडे डोंगरभर विखुरलेले. रेशनच्या अंगठ्यासाठी, रेंज मिळावी म्हणून मशीन घेऊन टेकडी चढणारी माणसं मी पाहिलीत. टॉवर उभारण्याइतकाच त्याच्या विजेचा आणि दुरुस्तीचा खर्चही या निधीतून, वर्षानुवर्षं, मिळालाच पाहिजे.